सोळा आणे हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या जालन्याच्या मोंढ्यातून एक फेरफटका मारला, तर मोठे मौजेचे दृश्य पाहावयास मिळते. आडतीच्या दुकानात पाटावर लक्ष्मीची तसबीर असते. पुढे लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी, झेंडूच्या माळा. शेजारी लाल कापडाची कोरी वही, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने काढलेला ‘श्री’ आणि खाली ‘शुभ-लाभ’. आणि त्या वहीला अगदी खेटून संगणकाचा कळफलक! त्यावरही हळदकुंकवाची बोटे उमटलेली असतात आणि एक झेंडूचे फूल ठेवलेले असते. वर्षभर त्या वहीत कोणी एक अक्षर लिहीत नाही. हिशेब सारा संगणकात होतो. तरीही वही आणली जाते, आणि पूजेचा पहिला मान तिलाच मिळतो.

पुष्कळांना यात विसंगती दिसेल. मला मात्र त्या पाटावर एक फार मोठा इतिहास मांडून ठेवल्यासारखा वाटतो. त्या इतिहासाचा एक लहानसा धागा आमच्या घरातून गेलेला आहे, म्हणून तो सांगण्याचे धाडस करीत आहे.

माझे वडील मुनीम होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९५० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते मोंढ्यातल्या एका आडतीच्या दुकानात कारकुनी शिकावयास बसले. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ‘जालना, सोने का पालना’ असे ज्या गावाला म्हणत, त्या गावात त्या काळी दोन रुपये चालत. एक निजामाचा हाली शिक्का आणि दुसरा इंग्रजी अमलातला कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा सरकारी दर. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पट्टी देताना मुनिमाला आधी मालाची किंमत काढावी लागे, आणि माल बाहेरच्या व्यापाऱ्याला गेला असेल तर पुन्हा ती सहा-सातांच्या चरकातून काढावी लागे.

एक उदाहरण घेऊ. साडेतीन मण ज्वारी, भाव सव्वापंधरा रुपये मण. किंमत किती? आजचा मुलगा खिशातला फोन काढील. अण्णा डोळे किंचित मिटत आणि सांगत, “त्रेपन्न रुपये सहा आणे.” आणि कलदार? “पंचेचाळीस रुपये बारा आणे.” मी लहानपणी कागदावर गणित मांडून त्यांना पकडावयास जाई, आणि दर वेळी माझीच चूक निघे.

यात जादू काहीच नव्हती. पंतोजींच्या शाळेत पोरांकडून नुसते दोन ते तीस पाढेच नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. पंधरा औटे साडेबावन्न हे उत्तर अण्णांच्या डोक्यात तयारच होते. वरच्या पाव रुपयाचे साडेतीनपट म्हणजे चौदा आणे. झाले त्रेपन्न रुपये सहा आणे. म्हणजे मोठे गणित सोडवावयाचेच नाही. आधी पाठ करून ठेवलेल्या लहान उत्तरांची नुसती बेरीज करावयाची. वाचकहो, ही युक्ती लक्षात असू द्या. पुढे आपणास ती एका वेगळ्याच ठिकाणी भेटणार आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी आणे गेले आणि नवे पैसे आले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने मण-शेरांची जागा टप्प्याटप्प्याने किलोने घेतली. सगळा हिशेब दहाच्या पटीत आला. लोकांना सुख झाले म्हणतात; अण्णांना मात्र त्या दिवसांत फार त्रास झाला. सहा आण्यांचे बरोबर साडेसदतीस नवे पैसे होतात. सरकारी तक्त्यात मात्र सदतीस धरले होते. “तो अर्धा पैसा कोणाचा?” हा प्रश्न ते आम्हाला पुढे कितीतरी वर्षे विचारीत आणि हसत.

पण सोळा आण्यांत एक मोठे रहस्य दडलेले होते, ते तेव्हा मोंढ्यात कोणालाच ठाऊक नव्हते. रुपयाची अर्धी अधेली, अधेलीची अर्धी पावली, पावलीची अर्धी चवली आणि चवलीचा अर्धा आणा. आता समजा, तुमच्या मुठीत एक अधेली, एक पावली, एक चवली आणि एक आणा अशी चारच नाणी आहेत. यांतून एक आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंत कोणतीही रक्कम मोड न घेता देता येते. तेरा आणे द्यावयाचे? अधेली द्या, पावली द्या, चवली ठेवा, आणा द्या. दहा आणे? अधेली द्या, पावली ठेवा, चवली द्या, आणा ठेवा. प्रत्येक नाण्याच्या बाबतीत प्रश्न एकच : दिले की ठेवले? ‘दिले’ला एक म्हणा आणि ‘ठेवले’ला शून्य म्हणा. तेरा झाले एक-एक-शून्य-एक. दहा झाले एक-शून्य-एक-शून्य. घरातल्या तराजूचीही हीच गोष्ट. अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक ही चार वजने असली की पंधरा छटाकांपर्यंत काहीही तोलता येई.

जगातला प्रत्येक संगणक आतून हाच हिशेब करतो. त्याला एक आणि शून्य यांपलीकडे तिसरा अंक ठाऊक नाही. कारण विजेच्या यंत्रात ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन स्थिती राखणे सोपे आणि खात्रीचे. दहा वेगवेगळ्या स्थिती राखणे अवघड. दोनच खुणांनी सर्व काही मांडण्याची कल्पना तशी जुनीच आहे. आपल्या पिंगलाचार्यांनी छंदःशास्त्रात लघु आणि गुरू एवढ्या दोनच खुणांच्या सर्व मांडण्या मोजण्याची रीत दिली. तीन अक्षरांचे गण आठच का, याचे उत्तर तिथे आहे : दोन दुणे चार, चार दुणे आठ. युरोपात लायब्निट्सने एक-शून्यांच्या अंकगणितावरील आपला निबंध १७०३ साली प्रसिद्ध केला.

आता यंत्राकडे वळू. पण त्याआधी एक गंमत सांगावयास हवी. ‘कॉम्प्यूटर’ हे मुळात यंत्राचे नाव नव्हेच. ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ शिकदार हे बंगाली तरुण गणिती १८३१ साली दाखल झाले ते ‘कॉम्प्यूटर’ म्हणूनच. आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची १८५२ च्या सुमारास गणिताने निश्चित करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्या सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्याच वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे वारला. म्हणजे आमचे अण्णा हेही त्या अर्थाने ‘कॉम्प्यूटर’च होते, फरक इतकाच की त्यांनी शिखरे मोजली नाहीत, ज्वारी मोजली.

यंत्राचा पहिला खरा आराखडा इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात काढला. त्याने आपल्या यंत्राचे दोन मुख्य भाग कल्पिले : जिथे आकडे साठवून ठेवावयाचे ते कोठार, आणि जिथे ते दळावयाचे ती गिरणी. यंत्राने काय करावयाचे हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून त्याला कळावयाचे. ही कल्पना रेशमी कापड विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावरून घेतली होती. त्या मागावर कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता सोडावयाचा हे पुठ्ठ्यावरची भोकेच ठरवीत. पैठण-औरंगाबादच्या शेजारी वाढलेल्या आम्हा लोकांना हे चटकन समजते. मागावरही प्रश्न शेवटी एकच असतो : धागा उचलला की सोडला? बॅबेजचे ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पण कोठार आणि गिरणी ही विभागणी मात्र आजतागायत टिकून आहे.

येथे संगणकांच्या दोन मूळ जाती सांगून टाकतो. एक जात मोजणारी, दुसरी मापणारी. अण्णांची बोटांची पेरे ही पहिल्या जातीची. दुकानातला तराजू दुसऱ्या जातीचा. तराजूची दांडी आकडा सांगत नाही. ती कलते, आणि त्या कलण्यावरून आपण वजन ओळखतो. अशी मापणारी गणितयंत्रेही फार मोठी कामे करून गेली. १८७० च्या दशकात लॉर्ड केल्विनने चाके आणि कप्प्या यांचे असे यंत्र रचले की त्याने समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा आगाऊ काढता येत. पुढे अशाच यंत्रावर आपल्या बंदरांची कोष्टकेही तयार झाली. परंतु मापणारे यंत्र एका वेळी एकच प्रश्न जाणते. मोजणारे यंत्र कोणताही प्रश्न घेते, फक्त तो एक-शून्यांत मांडून द्यावा लागतो. म्हणून शेवटी राज्य मोजणाऱ्याचेच झाले. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे १८ हजार काचेच्या निर्वात नळ्या होत्या आणि त्याचे वजन ३० टनांच्या घरात होते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. हिंदुस्थानात पहिला संगणक आला तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, आणि तो विलायतेहून विकत आणलेला होता. पण आपल्या देशात आपल्या माणसांनी रचलेला पहिला मोठा संगणक मुंबईत जन्मला. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण १९५४ च्या अखेरीस या कामाला लागले. त्यांचे लहान प्रायोगिक यंत्र नोव्हेंबर १९५६ मध्ये चालू झाले. मोठे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामावर रुजू झाले, आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले तेव्हा त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले.

या तारखा पाहिल्या की मला नेहमी हसू येते. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत दोनाच्या पटीत हिशेब करणारे यंत्र चालू झाले, आणि पाचच महिन्यांनी, एप्रिल १९५७ मध्ये, आम्ही दोनाच्या पटीतले आणे-पावली-अधेली मोडीत काढून दहाच्या पटीत गेलो! आणखी मौज अशी की यंत्राचे काम करणारे लोक एक-शून्यांच्या लांबलचक रांगा वाचून थकतात, म्हणून त्या चार-चार अंकांच्या गटांत वाचतात. चार अंकांत शून्य ते पंधरा, म्हणजे नेमका एका रुपयाच्या आतला हिशेब मावतो. तात्पर्य, बाजारातून गेलेले सोळा आणे संगणकाच्या पोटात अजून खणखणत आहेत.

टिफ्रॅकचा लोखंडी सांगाडा १८ फूट लांब, ८ फूट उंच आणि अडीच फूट खोल होता. त्यात २,७०० निर्वात नळ्या आणि १,७०० जर्मेनियम डायोड बसविले होते. त्याचे स्मरण म्हणजे लोहचुंबकी मण्यांची जाळी. मोहरीएवढी बारीक कडी तारांत ओवलेली, जशी आपल्या बायकांची काळी पोत. कडे एका बाजूने चुंबकित झाले तर एक, दुसऱ्या बाजूने झाले तर शून्य. अशा रीतीने त्यात २,०४८ शब्द, प्रत्येकी ४० एक-शून्यांचे, मावत. मोठेपणाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : आजच्या पद्धतीने मराठी अक्षरे नोंदवावयाची तर, आपण वाचीत आहात हा लेख, त्याचा चौथा हिस्सासुद्धा त्या अठरा फुटी यंत्राच्या स्मरणात मावला नसता. तरीही त्या काळी त्यावर देशातल्या शास्त्रज्ञांनी कितीतरी गणिते सोडविली. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा परदेशी संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले.

पुढे नळीची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, आणि पुष्कळ ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एका चकतीवर कोरण्याची विद्या साधली. १९७१ साली इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या सूक्ष्मप्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. म्हणजे टिफ्रॅकच्या नळ्यांच्या जवळपास तितकेच. पण ते नखाएवढ्या जागेत! येथून संगणकांचे घराणे फाकत गेले. विमा कंपन्या, बँका, रेल्वे यांचा अवाढव्य हिशेब एका जागी करणारे मोठे संगणक. एखाद्या कारखान्यापुरते मध्यम संगणक. आणि एका माणसाने एका टेबलावर वापरावयाचे लहान संगणक. आयबीएमचा प्रसिद्ध ‘पर्सनल कॉम्प्यूटर’ ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्याच वर्षी १ मे रोजी आमचा जालना जिल्हा औरंगाबादेपासून वेगळा निघाला. दोघेही एका वर्षाचे; दोघांच्याही वाढीचा मी साक्षीदार.

या यंत्राचे स्वागत मात्र सर्वत्र अक्षतांनी झाले नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक यावयाचा म्हणताच कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. बँकांत तर १९८३ साली व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात रीतसर करार झाला, तेव्हा कुठे यंत्रांची वाट थोडी मोकळी झाली. त्या काळी मी तरुण शिक्षक होतो आणि या विरोधाला मागासलेपणा म्हणत असे. माणसाच्या पोटाचा प्रश्न दुसऱ्याच्या घरात असतो तेव्हा त्यावर मत देणे सोपे असते.

१९९६ साली तो प्रश्न आमच्या घरात आला. अण्णा ज्या दुकानात बसत त्या शेठजींनी मला विचारले, “मास्तर, तुम्ही वाणिज्य शिकविता, दुकानात संगणक घ्यावा काय?” मी उत्साहाने हो म्हटले. कोणता घ्यावा तेही सांगितले. दिवाळीत यंत्र आले. त्याची पूजा झाली, आणि पूजेला अण्णाच बसले होते. पाडव्यानंतर त्यांनी आपले उतरते लाकडी डेस्क आणि दौत हातगाड्यावर घालून घरी आणले. कोणी त्यांना जा म्हटले नव्हते. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त संध्याकाळी जेवताना म्हणाले, “शेचाळीस वर्षं झाली. पुरे.”

तीन-चार महिने गेले असतील. एके दिवशी दुकानाचा माणूस धावत आला. शेठजींनी बोलावले होते. पहिले वर्ष म्हणून शेतकऱ्याची पट्टी हातानेच होत होती. संगणकात फक्त मालाची आवक-जावक घालीत. महिनाअखेर मोजणी केली तर गोदामात नऊ पोती कमी! संगणक चुकत नाही, असे सर्वांनी ऐकलेले. मग चुकले कोण? संशय हमालांवर गेला. त्यांतल्या एकाला तर दारात उभे करून ठेवले होते. मी अण्णांबरोबर गेलो. त्यांनी यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. विचारले, “फरक किती?” “नऊ.” “नवाचा फरक आहे. आकडे उलटे पडलेत. मापाड्याच्या चिठ्ठ्या काढा.” अर्ध्या तासात चिठ्ठी सापडली. माल आला होता पंचेचाळीस पोती; मुलाने घाईत टंकले होते चौपन्न. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाने भागला जातो, ही गोष्ट प्रत्येक जुन्या मुनिमाला पाठ असते. तो हमाल काही बोलला नाही. अण्णांच्या पाया पडला आणि पोते उचलावयास गेला.

परत येताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. यंत्राने चूक केली नव्हती. त्याने दिलेला आकडा इमानाने सांभाळला होता. पण खोटा आकडाही ते तितक्याच इमानाने सांभाळते, हे मी शिक्षक असून शेठजींना सांगितले नव्हते.

आठ वर्षांनी ते यंत्र बिघडले. दुकानात नवे आले, आणि जुने मी विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी घरी आणले. दिवाळीची साफसफाई चालली होती. अंगणात सतरंजीवर मी त्याचे झाकण उघडले. मोंढ्याची आठ वर्षांची धूळ निघाली. अण्णा खुर्चीवर बसून पाहात होते. मग हळूच म्हणाले, “दाखव तर, कुठं काय असतं ते.”

मी एकेक भाग सांगू लागलो. “अण्णा, या पेटीत घरातली वीज येते, ही तिला नरम करून सगळीकडे वाटते. हा पंखा आतला उकाडा बाहेर टाकतो. ही मोठी हिरवी पट्टी म्हणजे मदरबोर्ड. बाकीचे सारे हिच्यावर बसतात आणि हिच्यावरच्या तांब्याच्या रेघांतून एकमेकांशी बोलतात.”

“म्हणजे गादी,” अण्णा म्हणाले.

“हो. आणि या पंख्याखाली जो चौकोनी तुकडा आहे तो प्रोसेसर. बेरीज-वजाबाकी, लहानमोठे ठरविणे, कोणाला केव्हा हाक मारावयाची हे सारे हा करतो.”

“हा मुनीम.”

“याच्या आत अगदी थोडे आकडे ठेवण्याच्या जागा असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात.”

“बोटांची पेरे.”

मी स्मरणाची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. “ही रॅम. चालू काम हिच्यावर होते. पण वीज गेली की सारे पुसले जाते.”

“पाटी. आणि पक्का हिशेब?”

मी धातूची जड डबी दाखविली. “या हार्ड डिस्कमध्ये. आत चकत्या असतात, त्यांवर चुंबकाच्या खुणा. वीज गेली तरी राहतात.”

“खतावणी,” ते म्हणाले. “आणि पाढे? जन्मल्याबरोबर याला पाढे कोण शिकवतं?”

तो प्रश्न ऐकून मी थक्क झालो. कारण पट्टीवर एका कोपऱ्यात ती चिप होती. कारखान्यातच तिच्यात लिहून ठेवलेले असते आणि यंत्र जागे होताच आधी तेच वाचते. शिवाय पुष्कळ यंत्रे अवघड उत्तरे दर वेळी नव्याने काढण्याऐवजी तयार कोष्टकात पाहतात. हीच ती औटकी! कळफलक म्हणजे मापाड्याची चिठ्ठी, पडदा आणि छपाईयंत्र म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. पाऊण तासात अण्णांनी सारा संगणक मोंढ्याच्या भाषेत लावून घेतला.

शेवटी त्यांनी विचारले, “आणि ताळा कोण घेतं?”

मी म्हटले, “आकडे इकडून तिकडे नेताना बिघडले तर यंत्र स्वतःच ओळखते. प्रत्येक गटामागे एक जादा अंक ठेवून ते पडताळून पाहते.”

“ते झालं बेरजेचं. पण मुळात आकडा खरा आहे की नाही, ते?”

“ते यंत्राला कळत नाही, अण्णा.”

“मग मुनीम अजून लागतो,” ते म्हणाले, आणि रॅमची पट्टी धोतराच्या सोग्याने पुसून त्यांनी माझ्या हातात परत दिली. आठ वर्षांत प्रथमच मला हलके वाटले.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षे झाली. संगणकाचे घराणे त्यांच्या कल्पनेपलीकडे वाढले आहे. अमेरिकेने महासंगणक देण्याबाबत आढेवेढे घेतले, तेव्हा पुण्यात १९८८ साली सी-डॅक संस्था स्थापन झाली, आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्याची युक्ती साधीच होती : एकच अचाट मुनीम बसविण्यापेक्षा पुष्कळ साधे मुनीम एका हिशेबाला लावावयाचे. आज पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ नावाचा महासंगणक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तो राष्ट्राला अर्पण झाला. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसेल. पण त्याच्या फोनवर येणारा पावसाचा अंदाज अशा यंत्रांतूनच निघतो. तो फोन हाही संगणकच. मोंढ्यातला इलेक्ट्रॉनिक काटा आणि एसटीच्या वाहकाच्या हातातले तिकिटाचे यंत्र, ही त्याच कुळातली लेकरे.

सातबाराही संगणकात गेला. मराठवाड्यात जमिनीचा जुना दाखला म्हणून १९५४ च्या खासरा पत्रकासाठी लोक कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत. आता डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. मी ओळखीच्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो : उतारा काढा, आणि नाव, गट क्रमांक, क्षेत्र स्वतः वाचून पाहा. आमच्याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास खर्ची घातला, तो उगाच नव्हे. लिहिणाराचा हात चुकला तर कागदाचा काय दोष? आता तर यंत्रे माणसासारखी बोलू लागली आहेत आणि न चाचरता उत्तरे देतात. अशा वेळी ताळा घेणाराची गरज कमी न होता वाढलीच आहे.

यंदाही मी लाल वही आणली आहे. लक्ष्मीपूजनाला अण्णांच्या शेवटच्या खतावणीशेजारी ती ठेवीन, आणि तिच्याशेजारी नातीचा लॅपटॉप. ‘श्री’ काढून झाल्यावर पहिल्या पानावर एकच हिशेब लिहीन : सव्वापंधरा गुणिले साडेतीन, बरोबर ५३.३७५. आणि नातीला म्हणेन, घे ताळा. १५२५ च्या अंकांची बेरीज तेरा, तेराचे चार. ३५ चे आठ. चार आठे बत्तीस, बत्तीसचे पाच. इकडे ५३३७५ ची बेरीज तेवीस, तेवीसचे पाच. जुळले? मग पुढे मी तिला विचारणार आहे, की ज्वारी खरोखर साडेतीन मणच होती, हे तुला कोणी सांगितले?